केटी लेडेकीची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिंपिक जवळ आलं की केटी लेडेकीचं नाव आपल्या वर्तमानपत्रांत झळकतं आणि स्पर्धा संपली की पुन्हा चार वर्षं गायब होतं. मधल्या काळात तिने काय केलं, कुणाकडून हरली, पुन्हा कशी उभी राहिली, हे मराठीत क्वचितच वाचायला मिळतं. पोहणाऱ्या मुलांचे पालक, क्लबातली मुलं आणि नुसतेच खेळाचे चाहते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. पदकांची यादी कुठेही मिळेल. मला तिची घड्याळाशी गेली बारा-तेरा वर्षं चाललेली झुंज जास्त मोलाची वाटते, म्हणून उत्तरं वारंवार तिकडे वळतील.

केटी लेडेकी नेमकी कोण?

अमेरिकेची लांब पल्ल्याची फ्रीस्टाइल जलतरणपटू. जन्म १७ मार्च १९९७, वॉशिंग्टन डी.सी. लहानपण शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा इथे गेलं. आजोबा चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेले. आई विद्यापीठाच्या संघातून पोहायची, त्यामुळे घरात पोहणं होतंच. सहाव्या वर्षी केटी थोरल्या भावाबरोबर घराजवळच्या उन्हाळी क्लबात जायला लागली.

तिची एकूण पदकं किती?

ऑलिंपिकमध्ये १४: नऊ सुवर्ण, चार रौप्य, एक कांस्य. लंडन २०१२ मध्ये एक सुवर्ण. रिओ २०१६ मध्ये चार सुवर्ण आणि एक रौप्य. टोकियोत (स्पर्धा २०२१ मध्ये झाली) दोन सुवर्ण, दोन रौप्य. पॅरिस २०२४ मध्ये दोन सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. नऊ सुवर्णपदकांमुळे ती सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लॅटिनिनाच्या बरोबरीला आली. इतकी ऑलिंपिक सुवर्णपदकं या दोघींखेरीज कुठल्याही महिला खेळाडूकडे नाहीत.

जागतिक स्पर्धांत २०२५ अखेर तिच्याकडे २३ सुवर्णपदकं आहेत. त्यांतली १८ वैयक्तिक, बाकीची रिलेतली.

८०० आणि १५०० मीटर ऐकायला ठीक आहे, पण प्रत्यक्षात ते किती असतं?

ऑलिंपिकचा तलाव ५० मीटर लांबीचा असतो. ८०० मीटर म्हणजे अशा १६ फेऱ्या, १५०० मीटर म्हणजे ३०. पुण्यात बालेवाडीला असा पूर्ण लांबीचा तलाव आहे. तुमचा तलाव २५ मीटरचा असेल तर १५०० साठी ६० फेऱ्या मोजा. शर्यतीत मोजणी चुकू नये म्हणून लेनच्या टोकाला पाण्याखाली उरलेल्या फेऱ्यांचे आकडे दाखवतात आणि पुढची जलतरणपटू शेवटच्या १०० मीटरकडे आली की घंटा वाजवतात.

आता वेग बघा. ८०० मीटरचा तिचा विश्वविक्रम ८ मिनिटे ४.१२ सेकंदांचा आहे. म्हणजे दर १०० मीटरला साधारण साडेसाठ सेकंद, आणि असे आठ शंभर सलग, मध्ये श्वास घ्यायलाही न थांबता. सकाळी रस्त्यावर भरभर चालायला निघालेला माणूस ताशी सहा किलोमीटरच्या आसपास जातो. लेडेकी त्याच गतीने पाण्यातून जाते. क्लबात पोहणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा, एकच शंभर साठ सेकंदांत मारायला किती वर्षं लागतात. बऱ्याच चांगल्या मुलांना ते कधीच जमत नाही.

ती प्रसिद्ध झाली कशी? लंडनमध्ये काय झालं?

२०१२ च्या उन्हाळ्यात ती पंधरा वर्षांची होती, नववी संपवून आलेली. अमेरिकेच्या सगळ्या खेळांचं मिळून जे पथक लंडनला गेलं त्यात सर्वांत लहान तीच. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अनुभव जवळजवळ शून्य. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत घरची लाडकी होती ब्रिटनची रेबेका अॅडलिंग्टन: बीजिंगची विजेती, ८:१४.१० चा विश्वविक्रम तिच्याच नावावर, आणि प्रेक्षागृह तिच्या नावाने दणाणलेलं.

लेडेकी पहिल्या फेऱ्यांपासूनच पुढे गेली. अर्ध्या अंतरापर्यंत तर ती विश्वविक्रमापेक्षाही वेगात होती, आणि अनेकांना वाटलं की पोर उत्साहाच्या भरात जोर संपवून बसणार. ती थकली नाही. ८:१४.६३ अशी वेळ नोंदवून तिने स्पेनच्या मिरेया बेलमोंतेला चार सेकंदांहून जास्त फरकाने मागे टाकलं. अॅडलिंग्टन तिसरी आली. जॅनेट इव्हान्सने १९८९ मध्ये केलेला ८:१६.२२ हा अमेरिकी विक्रम त्या रात्री मोडला. म्हणजे लेडेकीच्या जन्माआधीचा विक्रम.

त्या सुवर्णाला काही जण योगायोग समजले. पुढच्याच वर्षी बार्सिलोनाच्या जागतिक स्पर्धेत तिने ४००, ८००, १५०० आणि रिले अशी चार सुवर्णं घेतली, त्यांत दोन विश्वविक्रम. तिथल्या १५०० मध्ये डेन्मार्कच्या लोटे फ्रीसने तिला जवळजवळ शेवटपर्यंत मागे ठेवलं होतं. मला ती शर्यत लंडनपेक्षाही मोठी वाटते, कारण तिथे पहिल्यांदा दिसलं की ही मुलगी एकटी पुढे पळू शकते तशीच दुसरीच्या खांद्याला खांदा लावून लढूही शकते.

‘५६५’ ही काय भानगड आहे?

लंडननंतर तिचे प्रशिक्षक झाले ब्रूस गेमेल. पेशाने अभियंते. रिओला तीन वर्षं बाकी असताना दोघांनी मिळून लक्ष्य ठरवलं: ४०० मीटरला ३:५६ आणि ८०० ला ८:०५. त्यातले शेवटचे आकडे जोडून ‘५६५’ असा संकेत तयार झाला आणि तो तिने आपल्या पुल बॉयवर, म्हणजे पाय न मारता हातांचा सराव करताना मांड्यांमध्ये धरायच्या फोमच्या ठोकळ्यावर, लिहिला. रोज सराव करताना तो डोळ्यांसमोर. अर्थ ठाऊक होता मोजक्या लोकांनाच.

रिओत तिची वेळ आली ३:५६.४६ आणि ८:०४.७९. दोन्ही विश्वविक्रम.

तीन वर्षं आधी ठरवलेला आकडा असा गाठणं मला पदकाहून अवघड वाटतं. पदक मिळण्यात नशिबाचा, प्रतिस्पर्ध्याच्या वाईट दिवसाचा भाग असतो. घड्याळ कुणावर मेहेरबानी करत नाही. आणि लक्ष्यात कुठेही ‘सुवर्ण’ हा शब्द नव्हता, हेही लक्षात घ्या.

रिओमध्ये ती खरंच इतकी पुढे होती का, की टीव्हीवर बाकीच्या दिसतच नव्हत्या?

हो. ८०० मध्ये दुसरी आलेली ब्रिटनची जॅझ कार्लिन तिच्या मागे ११.३८ सेकंदांनी भिंतीला पोहोचली. या अंतरात हे म्हणजे एका फेरीच्या तिसऱ्या भागाहून जास्त अंतर. ४०० मध्येही कार्लिनच दुसरी, फरक ४.७७ सेकंद. भारतात आपण त्या शर्यती सकाळी चहाच्या वेळेला पाहिल्या, आणि कॅमेरा एका वेळी लेडेकी किंवा बाकीच्या सात जणी, यांपैकी एकच काही नीट दाखवू शकत होता.

पण रिओतलं तिचं सर्वांत कष्टाचं सुवर्ण २०० मीटरचं. ते अंतर तिच्यासाठी छोटं. स्वीडनची सारा श्योस्त्रॉम जन्मजात वेगवान. लेडेकी १:५३.७३, श्योस्त्रॉम १:५४.०८. भिंतीला हात लावल्यावर लेडेकीचा चेहरा पाहा, ८०० नंतर ती कधी इतकी दमलेली दिसली नव्हती.

तिच्या पोहण्यात तांत्रिकदृष्ट्या वेगळं काय आहे?

उंची सहा फुटांच्या आसपास, म्हणजे वरच्या पातळीवरच्या जलतरणपटूंत अगदी सामान्य. हातपाय अवाढव्य नाहीत. म्हणून तिचा स्ट्रोक, म्हणजे हात मारण्याची पद्धत, समजून घ्यायला हवा.

बहुतेक लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्या मुली दोन्ही हात समान लयीत फिरवतात. लेडेकीचा स्ट्रोक असमान आहे. ती प्रामुख्याने उजवीकडे श्वास घेते, प्रत्येक आवर्तनाला, आणि त्या बाजूला शरीर किंचित जास्त वेळ रेलतं. वरून पाहिलं तर दौडत्या घोड्याच्या चालीसारखं एक लांब, एक आखूड असं पडतं. मायकेल फेल्प्ससारख्या पुरुष फ्रीस्टाइलपटूंमध्ये ही लय दिसायची. लंडनच्या आधी तिचे तेव्हाचे प्रशिक्षक युरी सुगुयामा यांनी ती तिच्यात मुद्दाम रुजवली.

दुसरी गोष्ट, कोपर. हात पाण्यात गेल्यावर तिचं कोपर वर राहतं आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग पाणी मागे लोटतो. आपल्याकडच्या क्लबात सरसकट दिसणारी चूक म्हणजे कोपर खाली पडणं. मग हात पाण्यातून नुसता घसरतो. तिसरी गोष्ट, प्रत्येक हाताबरोबर अंग वळवण्याची ताकद कंबरेतून येते, खांद्यातून नाही, त्यामुळे खांदे पंधरा मिनिटं टिकतात.

पाय मात्र ती जपून वापरते. मधल्या फेऱ्यांत किक हलकी, शेवटच्या शंभराला पाय सुरू. तिच्या शर्यतीचा व्हिडिओ मुलांना दाखवणार असाल तर फक्त पायांकडे बघायला सांगा. कधी काय बदलतं ते चटकन कळेल.

महिलांची १५०० मीटर शर्यत ऑलिंपिकमध्ये इतक्या उशिरा का आली?

पुरुषांसाठी १५०० मीटर १९०८ पासून आहे. महिला ऑलिंपिकमध्ये १९१२ पासून पोहतात, पण त्यांना ८०० मीटर मिळाली १९६८ मध्ये आणि १५०० मिळाली टोकियोत. शंभरहून अधिक वर्षांचं अंतर. मुळात कारण एकच होतं: बायकांना इतकं लांब झेपणार नाही ही समजूत. नंतर ती समजूत कुणी उघड बोलत नव्हतं, पण वेळापत्रक तसंच राहिलं. जागतिक स्पर्धेत महिला २००१ पासून १५०० पोहत होत्या, तरीही ऑलिंपिकला आणखी वीस वर्षं लागली.

याचा सर्वांत मोठा फटका लेडेकीला बसला असं मला ठाम वाटतं. १५०० ही तिची खरी ताकद. २०१३ पासून विश्वविक्रम तिच्याकडे आहे. २०१८ मध्ये इंडियानापोलिसला तिने तो १५:२०.४८ वर नेला, आधीच्या स्वतःच्याच विक्रमातून तब्बल पाच सेकंद कापून. २०१५ मध्ये कझानला तर तिने प्राथमिक फेरीतच, जोर न लावता, विश्वविक्रम मोडला आणि अंतिम फेरीत तो पुन्हा मोडला. रिओत ही शर्यत असती तर तिचं सुवर्ण कुणी हिरावलं असतं असं मला वाटत नाही. तिच्या नऊ सुवर्णांकडे पाहताना ही न झालेली शर्यत मी नेहमी धरतो.

एरियार्न टिटमसने तिला हरवलं, मग ती सर्वश्रेष्ठ कशी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो.

ऑस्ट्रेलियाची टिटमस ४०० मीटरची विलक्षण खेळाडू होती. २०१९ च्या ग्वांग्जू जागतिक स्पर्धेत तिने लेडेकीला पहिल्यांदा ४०० मध्ये हरवलं. तेव्हा लेडेकी पोटाच्या विकाराने आजारी होती; २०० आणि १५०० मधून तिने माघार घेतली. त्याच आजारपणात, आठवड्याच्या शेवटी ती ८०० ला उतरली आणि इटलीच्या सिमोना क्वादारेलाला शेवटच्या फेरीत मागे टाकून जिंकली. वेळ ८:१३.५८, तिच्या मानाने साधी. पण ती शर्यत पाहून कळतं की तिच्या अंगात वेगापलीकडे काय आहे.

टोकियोला मात्र आजार नव्हता. ४०० च्या अंतिम शर्यतीत लेडेकी तीनशे मीटरपर्यंत पुढे होती, टिटमसने शेवटच्या शंभरात तिला गाठलं. ३:५६.६९ विरुद्ध ३:५७.३६. लेडेकीची ही वेळ तोवरच्या तिच्या आयुष्यातली दुसरी सर्वोत्तम. म्हणजे ती चांगली पोहली आणि हरली. दोन दिवसांनी २०० मध्ये ती पाचवी आली. ऑलिंपिकच्या वैयक्तिक शर्यतीत पदकाविना राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. आणि त्यानंतर साधारण तासाभराने तिला १५०० मीटरची अंतिम शर्यत पोहायची होती.

त्या एका तासाचा विचार करा. इतिहासात पहिल्यांदाच होणारी महिलांची १५००, वर्षानुवर्षं जिची वाट पाहिली ती शर्यत, आणि तुम्ही नुकत्याच पाचव्या आला आहात. तिने वॉर्म-डाउन केलं, पुन्हा ब्लॉकवर आली, १५:३७.३४ मध्ये जिंकली. दुसरी तिचीच सहकारी एरिका सुलिव्हन, चार सेकंद मागे. एरवी शांत राहणारी लेडेकी त्या दिवशी भिंतीला हात लावल्यावर ओरडली, आणि नंतर बोलताना तिचा गळा दाटून आला.

पुढे ८०० मध्ये टिटमसने तिला पुन्हा आव्हान दिलं. लेडेकी १.२६ सेकंदांनी जिंकली. पॅरिसलाही हाच हिशेब: ४०० टिटमसची (लेडेकी तिसरी), ८०० लेडेकीची (टिटमस दुसरी).

तेव्हा उत्तर असं: ४०० मीटरमध्ये टिटमस तिच्या वरचढ ठरली, हे मान्य करायलाच हवं. ८०० आणि १५०० मध्ये लेडेकीच्या जवळपासही फार कमी जणी आल्या. आणि ज्या काळात टिटमस, कॅनडाची समर मॅकिंटॉश अशा मुली घडल्या, त्या लेडेकीच्या वेळा समोर ठेवूनच घडल्या. २०१४ मध्ये ३:५८.३७ हा विश्वविक्रम होता, लेडेकीचा. पॅरिसला मॅकिंटॉश नेमक्या ३:५८.३७ मध्येच पोहली आणि तिला रौप्य मिळालं.

तिने इतके प्रशिक्षक का बदलले?

मुख्य चार: लंडनपर्यंत सुगुयामा, रिओपर्यंत गेमेल, मग स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेग मीहन, आणि २०२१ च्या शरदापासून फ्लोरिडाच्या गेन्सव्हिल इथे अँथनी नेस्टी. पहिले बदल शिक्षण आणि शहर बदलल्यामुळे झाले. सुगुयामांनीच लंडननंतर दुसरी नोकरी घेतली.

नेस्टी यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. सुरिनामसारख्या छोट्या देशाचे हे जलतरणपटू १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायला अमेरिकेच्या मॅट बिऑन्डीला ०.०१ सेकंदाने हरवून जिंकले. त्यांच्याकडे लेडेकी पुरुषांच्या लांब पल्ल्याच्या गटात सराव करते. त्या गटात टोकियोत ८०० आणि १५०० जिंकणारा बॉबी फिंकही असतो. पुरुषांबरोबर सराव तिला नवा नाही. रिओच्या आधीच अमेरिकी संघातल्या कॉनर ड्वायरने सांगितलं होतं की कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या शिबिरात तिच्याबरोबर सेट, म्हणजे सरावातली ठरावीक अंतरांची आवर्तनं, मारताना चांगले चांगले पुरुष खचले. तिच्या वेगाच्या मुली जगात इतक्या कमी की रोजच्या सरावात तिच्या पुढे कुणी राहावं यासाठी ही सोय.

शिक्षणाचं काय? आणि पैसा?

शिक्षण पूर्ण केलं. रिओसाठी स्टॅनफर्डचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला, नंतर मानसशास्त्रात पदवी घेतली. त्या वेळी अमेरिकी विद्यापीठांतल्या खेळाडूंना जाहिराती घेता येत नसत. चार रिओ सुवर्णांनंतर तिच्या दारात किती करार येऊन थांबले असतील याची कल्पना करा. ते बाजूला ठेवून ती दोन मोसम विद्यापीठाच्या संघातून पोहली, संघाला दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि २०१८ मध्ये व्यावसायिक झाली.

कोविडच्या काळात स्टॅनफर्डचे तलाव बंद झाले, तेव्हा ती आणि तिची सहकारी सिमोन मॅन्युएल एका कुटुंबाच्या घरामागच्या दोन लेनच्या छोट्या तलावात सराव करायच्या.

तिला काही आजार आहे असं वाचलं. खरं आहे का?

हो. तिला ‘पॉट्स’ नावाचा विकार आहे. यात उभं राहिल्यावर हृदयाचे ठोके एकदम वाढतात, चक्कर येते, थकवा वाटतो. निदान २०१५ मध्ये झालं, म्हणजे रिओच्या आधी. तिने ते जगाला सांगितलं २०२४ मध्ये. पाणी, मीठ आणि व्यायाम यांवर लक्ष ठेवून ती तो आटोक्यात ठेवते. मधल्या नऊ वर्षांत एकाही पराभवानंतर तिने या आजाराकडे बोट दाखवलं नाही. मला तिच्याबद्दलचा आदर इथे सर्वांत जास्त वाटतो.

डोक्यावर दुधाचा ग्लास ठेवून पोहण्याचा व्हिडिओ खरा आहे?

खरा आहे. ऑगस्ट २०२०. डोक्यावर चॉकलेट दुधाने भरलेला ग्लास, तोंडात स्नॉर्केल, तलावाची एक पूर्ण लांबी, आणि दूध सांडलं नाही. गंमत म्हणून सोडून देऊ नका. पोहताना डोकं किती स्थिर राहू शकतं हे याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही.

ती समुद्रातल्या शर्यती पोहते का?

तिची कारकीर्द तलावातली. खुल्या पाण्यातली १० किलोमीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये २००८ पासून आहे, पण तिने ती वाट धरली नाही. आपल्याकडे धरमतर ते गेटवेसारख्या सागरी पोहण्याची परंपरा आहे, त्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकांकडून हमखास येतो. दोन्हींत दमसास लागतो, तरी लाटा, प्रवाह, थंडी, दिशा ओळखणं हे वेगळंच शास्त्र आहे.

फेल्प्सशी तुलना कितपत योग्य?

पदकसंख्येत फेल्प्स फार पुढे आहे: २८ पदकं, २३ सुवर्ण. पण तो बटरफ्लाय, मेडली (एकाच शर्यतीत चारही शैली), फ्रीस्टाइल असं सगळं पोहायचा, आणि अमेरिकेच्या पुरुष रिले संघांनी त्यात भर घातली. लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याला एका ऑलिंपिकमध्ये जिंकायला शर्यतीच कमी असतात. एका मुद्द्यावर दोघं शेजारी बसतात. एकाच वैयक्तिक शर्यतीत सलग चार ऑलिंपिक सुवर्णं जिंकणारे जलतरणपटू दोनच: फेल्प्स २०० मीटर मेडलीत आणि लेडेकी ८०० मीटरमध्ये. वैयक्तिक जागतिक विजेतेपदांत तर तिने त्याला २०२३ मध्येच मागे टाकलं.

डोपिंगबद्दल तिची भूमिका काय आहे?

टोकियोच्या आधी चीनच्या २३ जलतरणपटूंच्या चाचण्यांत बंदी असलेलं औषध सापडल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. अन्नातून ते शरीरात गेलं हे चीनच्या यंत्रणेचं म्हणणं ‘वाडा’ने, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, मान्य केलं होतं. टोकियोच्या ४×२०० रिलेत अमेरिका चीनच्या मागे दुसरी आली होती आणि शेवटचा टप्पा लेडेकी पोहली होती. तिने कुणा खेळाडूवर आरोप केला नाही. यंत्रणेवरचा विश्वास रसातळाला गेला आहे, असं मात्र स्पष्ट सांगितलं.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला लेडेकीसारखं लांब पल्ल्याला घालू का?

आत्ता नको. लेडेकी स्वतः त्या वयात उन्हाळी क्लबात छोट्या शर्यती पोहत होती, बास्केटबॉलही खेळत होती. लांब पल्ला ही तिची जागा आहे हे पुढे कळलं. दहाव्या वर्षी चारही शैली नीट येणं, वळणं स्वच्छ होणं आणि पाण्यात जायला आवडणं एवढं पुरे. आठवड्याच्या किलोमीटरचा हिशेब पालकांनी ठेवूच नये असं माझं मत आहे. तिच्याकडून उचलायचंच असेल तर ‘५६५’ उचला: मुलीला स्वतःची वेळ माहीत असू द्या, पुढची वेळ तिलाच ठरवू द्या, आणि शेजारच्या लेनमधल्या मुलीचा विषय घरी काढू नका.

२०१६ नंतर तिचा वेग कमी झाला होता ना? मग २०२५ मध्ये विश्वविक्रम कसा?

जाणकारांनाही हा धक्काच होता. रिओच्या ८:०४.७९ नंतर साडेआठ वर्षांहून जास्त काळ ती त्या वेळेच्या आसपास फारशी गेली नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर मॅकिंटॉशने ऑरलँडोत ८०० ला ८:११.३९ वेळ दिली आणि या अंतरात वर्षानुवर्षं अपराजित राहिलेल्या लेडेकीला हरवलं. उतरती कळा लागली असंच लिहिलं जात होतं.

मग ३ मे २०२५, फोर्ट लॉडरडेल. ऑलिंपिक नाही, जागतिक स्पर्धा नाही, अमेरिकेतल्या मोसमी मालिकेतली एक स्पर्धा. वय २८. ८:०४.१२. त्याच आठवड्यात ४०० मध्ये ३:५६.८१ आणि १५०० मध्ये १५:२४.५१, दोन्ही तिच्या आयुष्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या वेळा. एकोणिसाव्या वर्षी केलेला विक्रम अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःच मोडणं लांब पल्ल्याच्या पोहण्यात फार दुर्मीळ आहे. यामागे एखादी युक्ती शोधू नका. गेन्सव्हिलमधली चार वर्षं, पुरुषांच्या गटातले पहाटेचे सेट, आणि मधल्या काळात ८:१० च्या आसपासच्या वेळांवर ‘आता संपलं’ असं न म्हणणारी एक बाई, एवढंच आहे.

लॉस एंजेलिस २०२८ ला ती उतरणार का?

तिची इच्छा तशीच आहे. पॅरिसनंतर तिने ते बोलूनही दाखवलं. तेव्हा ती ३१ वर्षांची असेल. घरच्या प्रेक्षकांसमोर पाचवं ऑलिंपिक. ८०० मध्ये मॅकिंटॉश आणि ऑस्ट्रेलियाची लानी पॅलिस्टर तिच्या अगदी मागे आहेत, त्यामुळे तिथे काहीही होऊ शकतं. १५०० मध्ये मी आजही तिच्यावरच भरवसा ठेवीन.

तिच्या शर्यती पाहायच्या असतील तर कुठून सुरुवात करू?

रिओची ८०० सगळे सुचवतात, पण तिथे लढतच नाही. ग्वांग्जू २०१९ ची ८०० पाहा, आजारी माणूस कसा जिंकतो ते दिसेल. मग टोकियोची ४००, हरतानाची लेडेकी. आणि त्यानंतर सिंगापूर २०२५ च्या जागतिक स्पर्धेतली ८००. शेवटच्या शंभरापर्यंत लेडेकी, मॅकिंटॉश आणि पॅलिस्टर जवळपास एका रेषेत आहेत. मॅकिंटॉश त्या मोसमात ज्या शर्यतीला हात लावत होती ती जिंकत होती. आवाज बंद करून, फक्त सातशे मीटरनंतरच्या लेडेकीच्या पायांकडे बघा. लेडेकी ८:०५.६२, पॅलिस्टर ८:०५.९८, मॅकिंटॉश ८:०७.२९. या अंतरातलं तिचं सातवं जागतिक विजेतेपद.